दुपाखी

गेल्या मे महिन्यात गावच्या घराची शाकारणी काढली होती. पावसाआधी कौलं उतरवायची, कुजलेले वासे आणि रिपा बदलायच्या, फुटकी कौलं वेगळी काढायची आणि बाकीची पुन्हा चढवायची, असं चार दिवसांचं काम. त्याच चार दिवसांत पडवीत घरातला एक वाद वर आला. आजीचं वर्षश्राद्ध जवळ आलं होतं. आतेभावाचं म्हणणं, श्राद्धावर खर्च करण्यापेक्षा तेवढे पैसे आजीच्या नावानं गावच्या शाळेला द्यावेत. काकांचं म्हणणं, शाळेला जरूर द्या, पण श्राद्धाला फाटा देऊन नको. सुरुवातीला दोघेही आजीबद्दल बोलत होते. अर्ध्या तासात आजी बाजूला राहिली. "तुम्ही शेवटपर्यंत सनातनीच राहणार," असं आतेभाऊ म्हणाला. "तुम्हा पुरोगाम्यांना घरातलं काहीच नको असतं," असं काका म्हणाले. मग एक जण विहिरीकडे गेला, एक माजघरात.

माझ्या कानात ते दोन शब्द राहिले. दोन्ही शब्द शिवीसारखे फेकले गेले होते, आणि कोशात पाहायला गेलं तर दोन्ही शब्द गौरवाचे आहेत. शब्दांचं असं का होतं, आणि आपण एकमेकांना ज्या नावांनी बाजूला सारतो ती नावं मुळात काय सांगत होती, याचा विचार तेव्हापासून सुटलेला नाही. मराठी माणसानं गेल्या दीडशे वर्षांत राजकारणातल्या आणि समाजकारणातल्या मतभेदांना बरीच नावं दिली. त्या नावांच्या पोटात आपला इतिहास आहे, आणि त्या इतिहासात एक शहाणपणही आहे. ते आज हाताशी असायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

आधी काकांच्या वाट्याला आलेला शब्द पाहू. सनातन. 'सना' म्हणजे फार पूर्वीपासून, सदा. त्याला 'तन' हा प्रत्यय लागला. हाच प्रत्यय 'पुरातन'मध्ये आहे, आणि 'नूतन' व 'अद्यतन' या शब्दांतही आहे. म्हणजे सनातन आणि नूतन यांची शेपटी एकच. हा प्रत्यय फक्त काळाशी नातं सांगतो. तो काळ कालचा की आजचा, हे त्याच्या आधीचा शब्द ठरवतो. 'सना'ची भावंडं युरोपातही आहेत. लॅटिनमध्ये म्हाताऱ्या माणसाला 'सेनेक्स' म्हणत, त्यावरून रोमच्या ज्येष्ठांची सभा ती 'सिनेट'. आपल्या विद्यापीठांची सिनेट आणि कचेरीतले सिनियर साहेब हे दोघेही सनातनचे दूरचे नातलग आहेत.

या शब्दाचा मला सगळ्यात मोलाचा वाटणारा वापर धम्मपदात आहे. वैरानं वैर शमत नाही, ते अवैरानंच शमतं, असं सांगून बुद्धानं त्या नियमाला सनातन म्हटलं आहे. ज्यानं आपल्या काळातल्या यज्ञयागांवर आणि जन्मानं मिळणाऱ्या मोठेपणावर प्रश्न उभे केले, त्यानंच हा शब्द निवडला, आणि तोही वैर थांबवण्याच्या संदर्भात. शब्दावर एकाच बाजूची मालकी नसते, याचं याहून जुनं आणि याहून मोठं उदाहरण माझ्यापाशी नाही.

आता आतेभावाचा शब्द. 'पुरस्' म्हणजे पुढे, 'गामी' म्हणजे जाणारा. संस्कृतात पुरोगामी म्हणजे पुढे चालणारा, म्होरक्या. पण हे 'पुरस्' आणखी कुठे येतं ते पाहण्यासारखं आहे. ज्याला पुढे ठेवलं, तो 'पुरोहित'. ज्याला पुढे केलं, त्याचा 'पुरस्कार'. म्हणजे श्राद्धाला ज्यांना बोलवायचं ते पुरोहित आणि ज्याला श्राद्ध नको तो पुरोगामी, या दोघांच्या नावांचा पाया एकच आहे. दोघेही पुढचे. एकाला समाजानं पुढे ठेवलं आहे, दुसरा आपणहून पुढे निघाला आहे. 'पुरोगामी'च्या जोडीला 'प्रतिगामी' तयार झाला, उलट जाणारा. या दुसऱ्या शब्दात एक उणीव आहे. जगात स्वतःला पुरोगामी म्हणवणारी माणसं भरपूर सापडतील, प्रतिगामी म्हणवणारा एकही सापडणार नाही. जो शब्द फक्त दुसऱ्यासाठी वापरता येतो, त्यानं वर्णन होत नाही, फक्त निवाडा होतो.

चांगले शब्द असे घसरतात, आणि ते कुठे घसरले हेही शिकण्यासारखं असतं. 'कर्मठ' घ्या. पाणिनीच्या व्याकरणात कर्मठ म्हणजे कामात गढलेला, कामात तरबेज. हिंदी मुलखात आजही निवडणुकीच्या फलकांवर उमेदवाराला मोठ्या अभिमानानं 'कर्मठ' म्हणतात, आणि तिथल्या मतदाराला कष्टाळू माणूस डोळ्यांपुढे येतो. मराठी माणूस तो फलक वाचून दचकतो. आपल्याकडे कर्मठ म्हणजे सोवळ्याओवळ्याच्या पलीकडे न पाहणारा. एकच शब्द एका भाषेत शाबासकी आणि शेजारच्या भाषेत तक्रार झाला, कारण मराठीत एकोणिसाव्या शतकात कर्मकांडावर जो वाद झाला, तो या शब्दाच्या अंगावरून गेला. त्याच्या खुणा शब्दावर राहिल्या.

अलीकडे 'भक्त' या शब्दाचं तेच चाललं आहे. नेत्यामागे डोळे मिटून जाणाऱ्याला टोमणा म्हणून भक्त म्हणतात. पंढरीच्या वाटेवर पिढ्यानपिढ्या चाललेल्या माणसांच्या भाषेत हा शब्द असा वापरला जावा, याचं मला दुःख होतं. 'भज्' या धातूचा मूळ अर्थ वाटणं, वाटून घेणं. त्यातून भाग, विभाग, विभक्त. त्यातूनच भक्त, म्हणजे ज्यानं स्वतःला कुणाच्या वाट्याला देऊन टाकलं तो. आणि वाटून दिलेल्या अन्नालाही संस्कृतात 'भक्त' म्हणत; त्याचा प्राकृतात झाला 'भत्त' आणि मराठीत 'भात'. भक्त, भात आणि विभक्त एकाच चुलीवरचे. एकत्र पंक्तीला बसणं आणि वेगळी चूल मांडणं, या दोन्ही गोष्टींची सोय भाषेनं एकाच धातूत करून ठेवली आहे. कुठलं रूप चालवायचं, ते आपल्यावर आहे.

सनातनी आणि पुरोगामी हा भेद आपल्याकडे पहिल्यांदा ठळक झाला तो 'सुधारक' या शब्दानं. केसरी सुरू झाला १८८१ साली, आणि त्याचे पहिले संपादक होते गोपाळ गणेश आगरकर. पुढच्याच वर्षी कोल्हापूरचे कारभारी बर्वे यांच्या बदनामीच्या खटल्यात टिळक आणि आगरकर दोघांनाही डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. तिथेही त्यांचे वाद थांबले नव्हते, असं आगरकरांच्या त्या दिवसांवरच्या पुस्तकावरून दिसतं. १८८७ साली आगरकरांनी केसरी सोडला आणि १८८८ साली स्वतःचं पत्र काढलं, त्याचं नावच 'सुधारक'. त्याची इंग्रजी बाजू गोपाळ कृष्ण गोखले सांभाळत.

हे नाव किती अचूक होतं, आणि किती बोचरंही! मराठीत 'सुधारणे' हे क्रियापद फार घरगुती आहे. तब्येत सुधारते. वाया गेलेला मुलगा सुधारतो. अक्षर सुधारावं लागतं. जे बिघडलं आहे, तेच सुधारतं. त्यामुळे कुणी स्वतःला सुधारक म्हणवलं की समोरच्याला ऐकू येतं ते असं: तू आजारी आहेस, तू बिघडलेला आहेस. बालविवाह, विधवांचं केशवपन, मुलींच्या शिक्षणाची बंदी ही खरोखरच बिघडलेली अवस्था होती, आणि ती सांगायला आगरकरांना कठोर शब्द वापरावे लागले. त्याबद्दल त्यांच्या जिवंतपणी पुण्यात त्यांच्या नावाची प्रेतयात्रा निघाली. पण ज्याच्या घरातली तीच रीत बापजाद्यांपासून चालत आली होती, त्यालाही 'सुधारक' हा शब्द का लागला असेल, ते शब्दाकडे पाहून कळतं. तो समोरच्याची बाजू घेण्याचा प्रश्न नाही. त्याला कुठे दुखलं, ते कळल्याशिवाय त्याच्याशी बोलता येत नाही, एवढंच.

१८९१चं संमतिवयाचं बिल हा त्या भांडणाचा कळस. मुलीच्या संमतीचं वय, ती विवाहित असो वा नसो, दहावरून बारा वर्षं करणारा हा कायदा. बेहरामजी मलबारींनी आधी कित्येक वर्षं बालविवाहाविरुद्ध मोहीम चालवली होती. मुंबईत रखमाबाईंनी बालपणी लावून दिलेल्या लग्नाच्या नवऱ्याकडे नांदायला जाण्याचं कोर्टात नाकारलं होतं. कलकत्त्यात १८९० साली फुलमणी दासी नावाची कोवळी मुलगी नवऱ्याच्या संबंधानं मेली होती. आगरकर, रानडे, भांडारकर कायद्याच्या बाजूनं उभे राहिले. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी तर शास्त्रग्रंथांतूनच कायद्याला आधार काढून दाखवला. टिळक विरुद्ध उभे राहिले. परक्या सरकारनं आमच्या घरात कायदा आणू नये, समाजानं आपलं आपण सुधारावं, हा त्यांच्या युक्तिवादाचा कणा होता.

आता या सगळ्यांना एका रेषेवर बसवून पाहा. इंग्रज सरकारच्या बाबतीत टिळक सर्वांत तिखट, आणि घरातल्या रूढींच्या बाबतीत ते सनातनी बाजूचे पुढारी. रानडे-गोखले रूढींच्या बाबतीत पुढे, आणि सरकारशी अर्ज-विनंत्यांनी बोलणारे. एकच माणूस एका प्रश्नावर पुढे, दुसऱ्या प्रश्नावर मागे. आणि पुण्याच्या या वादाकडे जोतीराव फुल्यांच्या नजरेनं पाहिलं, तर दोन्ही बाजूंना मुख्यतः एकाच जातीतली माणसं दिसतात. शेतकरी आणि अतिशूद्र यांचा प्रश्न या दोन नावांत मावतच नव्हता. १८७३ साली फुल्यांनी काढलेल्या समाजाचं नाव पाहा: 'सत्यशोधक'. त्यात पुढे-मागे नाही, नवं-जुनं नाही. 'शोध' हा शब्द 'शुध्' धातूचा, मूळ अर्थ स्वच्छ करणं. निवडून, पाखडून, घासून पाहणं म्हणजे शोध. नाव ठेवताना दिशेऐवजी कृती सांगितली. या सगळ्या नावांत मला हे नाव सगळ्यात निकोप वाटतं.

सुधारक आणि सनातनी हा झगडा घरातला. त्यानंतर दिल्या गेलेल्या नावांचा झगडा सरकारशी कसं वागावं याचा. 'जहाल' आणि 'मवाळ'. इंग्रजी 'एक्स्ट्रीमिस्ट' आणि 'मॉडरेट' यांना मराठीनं दिलेली ही नावं, आणि ती अनुवाद वाटतच नाहीत इतकी मुरलेली आहेत. जहाल म्हटलं की आपल्याला जहाल विष आठवतं, जहाल भाषा आठवते. मवाळ हा मऊच्या घरातला. संस्कृत 'मृदु', प्राकृतात 'मउ', मराठीत 'मऊ', आणि त्याला रसाळ, मधाळमधला 'आळ' लागून मवाळ. राग मवाळतो, दुपार कलली की ऊन मवाळतं. दोन्ही नावं स्वभावाची आहेत, विचारांची नाहीत. ज्यांना मवाळ म्हटलं त्यांना ते लागायचं, आणि त्यांच्यासाठी सौम्य नाव होतं 'नेमस्त', नेमानं चालणारा, मर्यादेत राहणारा. ज्यांना जहाल म्हटलं ते स्वतःला 'राष्ट्रीय पक्ष' म्हणवत. दोन्ही बाजूंना समोरच्यानं दिलेलं नाव नको होतं.

हे नुसतं मराठी माणसाचं वैशिष्ट्य नाही. सतराव्या शतकाच्या शेवटी इंग्लंडमध्ये दोन गट झाले, त्यांची नावं 'टोरी' आणि 'व्हिग'. टोरी हा आयरिश भाषेतला शब्द, रानावनात पळालेल्या लुटारूसाठीचा. व्हिग हा स्कॉटलंडमधल्या गुरं हाकणाऱ्या बंडखोरांसाठीचा. दोन्ही शिव्या, एकमेकांना दिलेल्या. पुढे दोन्ही बाजूंनी त्या अंगावर मिरवल्या आणि शंभर-दीडशे वर्षं त्याच नावांनी इंग्लंडचा कारभार चालला.

जहाल-मवाळ या नावांवर सगळ्यात नेमकी शब्दचर्चा टिळकांनीच केली आहे. २ जानेवारी १९०७ रोजी कलकत्त्याच्या भाषणात त्यांनी सांगितलं की हे दोन शब्द काळाशी बांधलेले आहेत. आजचे जहाल उद्याचे मवाळ होतील, जसे आजचे मवाळ काल जहाल होते. दादाभाई नौरोजींनी पहिल्यांदा आपली मतं मांडली तेव्हा त्यांनाही जहालच ठरवलं गेलं होतं, याची त्यांनी आठवण करून दिली. लढाईच्या ऐन भरात, स्वतःच्या अंगावरच्या बिरुदाला 'हे तात्पुरतं आहे' असं म्हणणारा पुढारी मला त्या क्षणी फार मोठा वाटतो.

आणि तरीही त्याच वर्षाच्या शेवटी सुरत घडली. काँग्रेसचं अधिवेशन नागपूरला व्हायचं होतं, ते सुरतेला हलवलं गेलं. अध्यक्षपद रासबिहारी घोषांकडे. डिसेंबर १९०७मध्ये तापीच्या काठी त्या मांडवात तट पडले. महाराष्ट्री बांधणीचा एक जोडा व्यासपीठाकडे भिरकावला गेला, तो सुरेंद्रनाथ बॅनर्जी आणि फिरोजशहा मेहता यांना लागला. खुर्च्या उडाल्या, अधिवेशन मोडलं. 'तट' हा शब्द इथे मुद्दाम वापरला. मराठीत तट म्हणजे नदीचा काठ, तट म्हणजे किल्ल्याची भिंत, आणि तट म्हणजे गावातला गट. काठ म्हणून पाहिलं तर दोन तटांमध्ये एकच पाणी वाहतं. भिंत म्हणून पाहिलं तर आत एक, बाहेर दुसरा. सुरतेला काठाची भिंत झाली. ती खाली यायला १९१६चं लखनौ अधिवेशन उजाडावं लागलं, आणि तोवर गोखले गेले होते.

पुढे १९१८ साली उरलेले मवाळ काँग्रेसमधून बाहेर पडले, आणि मराठीत त्यांच्या पक्षाला 'प्रागतिक' हे नाव मिळालं. टिळक १९२० साली गेले. गांधींचं असहकाराचं वादळ आलं, आणि टिळकांच्या पठडीतले न. चिं. केळकर त्या वादळापुढे मवाळ दिसू लागले. टिळकांचा शब्द त्यांच्या स्वतःच्या पक्षाबाबतच खरा झाला.

मग आले डावे आणि उजवे. हे नाव ना स्वभावाचं, ना विचारांचं. ते बसण्याच्या जागेचं. १७८९ साली फ्रान्सच्या सभेत राजाला नकाराधिकार असावा की नाही यावर वाद झाला, तेव्हा राजाच्या बाजूचे अध्यक्षांच्या उजव्या हाताला बसले आणि विरोधक डाव्या हाताला. बसण्याची ती सोय जगभरच्या भाषांत गेली. हिंदी आणि बंगालीनं त्यासाठी संस्कृत 'वाम' घेतला. आपल्याकडे वाम उरला तो दुपारच्या वामकुक्षीपुरता, आणि राजकारणाला आपण घरातला 'डावा' दिला.

पण मराठीत डावं-उजवं आधीच रिकामं नव्हतं. 'उजवा' हा संस्कृत 'ऋजु'चा वंशज, म्हणजे सरळ. त्यामुळे 'हा त्याच्यापेक्षा उजवा' म्हणजे सरस. लेकीचं लग्न लावून दिलं की ती 'उजवली'. मूल झालं की 'कूस उजवली'. उजव्या सोंडेचा गणपती कडक सोवळ्याचा, त्याचं सगळं नेमानं व्हायला हवं. डाव्या सोंडेचा घरोघरी बसतो, चुकलंमाकलं सांभाळून घेतो. उलट 'डावलणे' म्हणजे बाजूला टाकणे, 'डावं-उजवं करणे' म्हणजे पंक्तिप्रपंच. म्हणजे मराठीतल्या डाव्या चळवळीनं नाव घेतलं तेच भाषेनं आधीच डावललेलं. लालबाग-परळच्या गिरणगावात, शेतमजुरांच्या मोर्च्यांत माणसांनी ते अभिमानानं लावलं, आणि मला वाटतं, डावललेल्यांची बाजू घेणाऱ्यांना ते शोभलंही. पण उजव्यालाही न्याय द्यायला हवा. ऋजुता, सरळपणा हा त्या शब्दाचा गाभा आहे, आणि ज्याला आपण उजवा म्हणतो त्याच्याकडून ऋजुतेचीच अपेक्षा करण्याचा हक्क भाषा आपल्याला देते.

'उदारमतवादी' हा शब्द तर तीन खोल्यांचा वाडा आहे. युरोपात राजकारणातलं 'लिबरल' हे नाव रूढ झालं ते स्पेनच्या काडिझमध्ये, १८१२चं संविधान लिहिणाऱ्या सभेत. त्या शब्दाच्या मुळाशी लॅटिन 'लिबर', म्हणजे मोकळा, कुणाचा दास नसलेला. मराठीनं त्यासाठी निवडलेला 'उदार' मुळात उंच, थोर. आणि आपल्या बोलण्यात उदार म्हणजे सढळ हातानं देणारा. म्हणजे इंग्रजी नाव स्वातंत्र्य मागतं, मराठी नाव औदार्य मागतं. मला मराठी नाव अधिक अवघड वाटतं. स्वातंत्र्य स्वतःसाठी मागता येतं. औदार्य दुसऱ्याच्या बाबतीतच दाखवावं लागतं. विरोधकाच्या मताला मनात जागा न देणारा माणूस कितीही मोकळा असला, तरी मराठी अर्थानं उदारमतवादी नाही.

दुसरी खोली 'मत'. 'मन्' म्हणजे विचार करणं. त्याचं झालेलं रूप ते मत. आधी विचार करावा लागतो, मग ते मत होतं. मराठीत आपण अभिप्रायालाही मत म्हणतो आणि मतपेटीत टाकतो त्यालाही मत म्हणतो. व्यासपीठांवरून नेहमी सांगतात की मतभेद असावेत, मनभेद नसावेत. हेतू चांगला आहे. पण मत आणि मन एकाच धातूचे. मत दुखावलं की मन दुखावतंच. मतभेद झाल्यावर मनाला काहीच होणार नाही, असं भाषा म्हणत नाही. म्हणून मत मोडून काढताना हात हलका ठेवावा लागतो.

तिसरी खोली 'वाद', आणि इथेच मला सांगायचं आहे ते आहे. आज 'वाद घालू नको' म्हणजे भांडू नको. पण न्यायशास्त्रानं चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. सत्य कळावं म्हणून केलेली चर्चा, तिला वाद म्हणतात. जिंकण्यासाठी केलेली, तो जल्प. आणि स्वतःची बाजू न मांडता दुसऱ्याची फक्त मोडत राहणं, ती वितंडा. म्हणजे वाद हा तिघांतला सर्वांत उंच होता. आपण जल्प आणि वितंडा करायला लागलो आणि त्याचं नाव मात्र वादाला लावलं.

वादाची एक शिस्त होती. आधी विरोधकाचं म्हणणं मांडायचं, तो पूर्वपक्ष. मग आपलं, तो उत्तरपक्ष. पूर्वपक्ष पोकळ मांडून पाडणं हा कमीपणा मानला जाई. तो इतका भक्कम मांडायचा की विरोधकानं ऐकून म्हणावं, होय, माझं म्हणणं हेच. या शिस्तीनं एक मोठं काम केलं आहे. चार्वाकांचे, लोकायतांचे मूळ ग्रंथ बहुतेक नष्ट झाले. वेद न मानणारे, परलोक न मानणारे हे लोक काय म्हणत होते, ते आज आपल्याला मुख्यतः त्यांच्या विरोधकांच्या ग्रंथांतून कळतं. चौदाव्या शतकातल्या माधवाचार्यांनी सर्वदर्शनसंग्रह लिहिला, त्यात पहिलं प्रकरणच चार्वाकांचं आहे. ज्यांना ते मत मान्य नव्हतं, त्यांच्याच हातात ते मत शेकडो वर्षं जिवंत राहिलं.

उद्या माझी सगळी पुस्तकं, माझ्या बाजूचे सगळे लेख नाहीसे झाले, आणि माझ्या विरोधकानं मांडलेला माझा पूर्वपक्षच काय तो उरला, तर त्यात मी मला ओळखू शकेन का? आणि माझ्या लेखणीत उरलेल्या विरोधकाला तो स्वतः ओळखेल का? आपल्या मतभेदांची तब्येत बघायला मला याहून चांगली कसोटी सुचत नाही.

पूर्वपक्षातला हा 'पक्ष' म्हणजे मुळात पंख. पक्ष्याचा पंख, महिन्याचे दोन पंधरवडे, लग्नातला वरपक्ष आणि वधूपक्ष. राजकीय पक्ष हा या कुटुंबातला अगदी अलीकडचा. मराठीत पक्षाचा पंख झाला, आणि 'पाखं'ही झालं. कौलारू छपराची एक उतरती बाजू म्हणजे पाखं, आणि दोन बाजूंना उतरतं छप्पर ते दुपाखी. मध्ये उंचावर आढं. दोन्ही पाखी एकमेकांकडे पाठ करून उतरतात, पावसाचं पाणी वेगवेगळ्या अंगणांत टाकतात, पण वर आढ्याशी दोन्ही वाशांची टोकं एकमेकांना टेकलेली असतात. राज्य मागताना १९५६-५७ साली महाराष्ट्रानं असं एक आढं उभारलं होतं. संयुक्त महाराष्ट्र समितीत कम्युनिस्ट, समाजवादी, शेतकरी कामगार पक्ष, शेड्युल्ड कास्ट फेडरेशन आणि हिंदुमहासभा-जनसंघ एका मांडवात आले होते. त्यांची मतं एक झाली नव्हती. 'समिति' म्हणजे सम् आणि इ, एकत्र येणं, एकत्र जाणं. पुरोगामी आणि प्रतिगामी यांच्यातलं 'जाणं'च इथे आहे, फक्त पुढे-मागेच्या जागी 'एकत्र' हा उपसर्ग आहे. १ मे १९६० तिथून आला.

शाकारणीच्या तिसऱ्या दिवशी कौलं पुन्हा चढू लागली. कामाला माणसं कमी होती म्हणून घरातले सगळे हात लावत होते. मी अंगणातून एका बाजूला सटासट कौलं देत होतो, तेव्हा सुतारानं वरून थांबवलं. "एकाच पाख्यावर भार देऊ नका. चार ओळी हिकडं, चार ओळी तिकडं. एकच पाखं भरलं तर आढं कलतं, मग दोन्ही गेली."

त्याच वेळी पडवीत काका फोनवर आत्याशी बोलत होते. श्राद्धाचाच विषय होता. मला वाटलं, आता ते भाच्याची तक्रार करणार. ते म्हणाले, "तो काय म्हणतो ते आधी नीट ऐक. आईला दुसरीतून काढलं, ते तिला जन्मभर लागून राहिलं. पोथी वाचता यायची, पण सही करताना हात कापायचा. तिच्या नावानं गावातली एखादी मुलगी शिकली तर आईला जे पोचायचं ते पोचेल, असं त्याला वाटतं. मला ते पुरेसं वाटत नाही. पण त्याचं म्हणणं हे आहे."

आतेभाऊ कौलांच्या ढिगापाशी उभा होता. त्यानं स्वतः आपलं म्हणणं इतक्या नीट मांडलं नव्हतं. तो काही बोलला नाही. श्राद्धाचं काय करायचं, ते अजून ठरायचंच होतं. वरून सुतारानं हाक दिली, "आता पलीकडच्या पाख्याला द्या," तसा तो दोन्ही हातांत कौलं घेऊन मागच्या अंगणाकडे गेला, आणि थोड्या वेळानं फोन ठेवून काकाही त्याच्या मागोमाग गेले.